न दिसल्यास कारण

४ नोव्हेंबर, मंगळवार

मॅनाटी दाखवणाऱ्या आम्हा बोटवाल्यांची आज शाळेच्या खोलीत बैठक झाली. मॅनाटींची मोजणी करायला आलेल्या बाईंनी प्रत्येकाला दोन वह्या दिल्या. एक कच्ची, घरी ठेवायची. दुसरी पक्की, हंगाम संपला की त्यांना परत द्यायची. आत छापील रकाने आहेत. तारीख, वारा, बोटीत माणसं किती, मॅनाटी किती दिसल्या, आणि शेवटी ‘न दिसल्यास कारण’. मी बाईंना म्हटलं, ‘हा शेवटचा रकाना माझ्या वहीतून काढून टाका, कागद वाया जाईल.’ सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

कच्च्या वहीत रकान्यांखाली भरपूर जागा सोडली आहे. लिनेटला शिकागोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘पप्पा, नुसते आकडे नको लिहूस, मनातलंही लिही. तसाही तू घरात बोलत नाहीस.’ हे खोटं आहे. दिवसभर पाहुण्यांशी बोलून माझा घसा बसतो. पण एकुलत्या एका मुलीनं सांगितलं म्हणून लिहितोय.

वारा पूर्वेचा, मंद. माणसं चार. दिसल्या तीन.

काम सोपं आहे आणि नाहीही. लगूनच्या, म्हणजे समुद्रालगतच्या खाऱ्या तळ्याच्या, मध्यावर लाल खांब आहे, तिथं इंजिन बंद करायचं. पुढे लांब काठीनं बोट ढकलत डोहापर्यंत जायचं. काठी तळाला टेकवायची तीही आवाज न करता. मग थांबायचं. मॅनाटी म्हणजे गवत खाणारं, करडं, गोल अंगाचं गरीब जनावर. चार-पाच मिनिटांनी श्वासाला वर येते तेव्हा दिसतं फक्त नाक. मी पाहुण्यांना मनातल्या मनात आकडे मोजायला लावतो. अडीचशे होईस्तोवर नाक वर येतंच. सात वर्षांत माझ्या बोटीतून कोणी न बघता परत गेलेलं नाही. धक्क्यावरच्या दुसऱ्या बोटवाल्याला, युस्टिसला, छातीठोकपणे असं म्हणता येईल का?

आयोना संध्याकाळी उद्याचे खोबऱ्याचे बनपाव भाजत होती. पाहुण्यांना बोटीत देतो ते. म्हणाली, “सगळ्या अमेरिकेला दाखवलीस. मला कधी नेणार?”

“नेईन की.”

“हे तू लग्नाच्या आधीपासून म्हणतोयस.”

“लग्नाच्या आधी मी कुठं मॅनाटी दाखवत होतो?”

“तेव्हा मेक्सिको दाखवणार होतास. तेही राहिलंच,” ती म्हणाली. चौतीस वर्षं झाली, बाईची जीभ काही बोथट होत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माणसं सहा. दिसल्या चार.

आयोनानं आज परत विषय काढला. तिचा बाप, बेन म्हातारा, भाल्यानं मॅनाटी मारायचा. त्या काळी इकडं कोणी विचारायला येत नसे. त्या लोकांचा एक नियम होता. होडीत बाईनं पाऊल ठेवायचं नाही. बाई डोहावर गेली की मॅनाटी महिनाभर तिकडं फिरकत नाही म्हणे. कापायचं, वाटायचं, शिजवायचं मात्र बायकांनीच.

“मी तिला खाल्लंय, ऑझी,” आयोना म्हणाली. “लहानपणी कितीदा तरी. धक्क्यावर आणून टाकायचे तेव्हा तोंडावर पोतं घातलेलं असायचं. जिवंत मी एकदाही पाहिलेली नाही. ज्याचं खाल्लं त्याचं तोंड एकदा तरी बघायला नको?”

आता तो नियम कोण पाळतं? माझ्या बोटीत रोज बायका बसतात. पण त्या परक्या. आमच्या गावातली, पॉइंटवरची बाई अजून कोणी डोहावर नेलेली नाही. मी पहिला झालो तर युस्टिस धक्क्यावर बसून वर्षभर माझी टर उडवेल. हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, “पुढच्या रविवारी नक्की.”

१६ नोव्हेंबर, रविवार

माणसं सहा. दिसल्या दोन.

सकाळी आयोना टोपी घालून तयार होती आणि नेमके लॉजवरून सहाजण आले. बोट सहाचीच. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “जा, जा. डॉलर येतायत, त्यांना वाट बघायला लावू नये.” टोपी काढून तिनं खुंटीला लावली. खुंटी दोनदा चुकली, टोपी खाली पडली. रागात माणसाचं असंच होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आयोनाचा राग अजून गेलेला नाही. आज पाहुण्यांदेखत कॉफी ओतताना तिनं कपाच्या बाहेर, सरळ टेबलावर ओतली. एका बाईच्या पांढऱ्या पँटवर डाग पडला. मी हसून वेळ मारून नेली, पण मागून तिला बोललो. म्हटलं, “माझ्यावरचा राग गिऱ्हाइकांवर काढू नकोस.” ती गप्प राहिली. आयोना गप्प राहते म्हणजे काय ते मला कळतं. म्हणजे, तिला चूक पटली असणार.

वर दुपारी व्हरांड्यात आडव्या ठेवलेल्या माझ्या काठीला अडखळून पडली. नडगी सोलली. काठी तिथंच असते, सात वर्षं. लक्ष कुठं असतं बाईचं!

३ डिसेंबर, बुधवार

नर्स पलासिओ मंगळवारी येते तशी काल आली होती. तिनं चिठ्ठी दिली आहे. दहा तारखेला डॅन्ग्रिगा शहरात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, दूरदेशीचे, एकच दिवस. आयोना म्हणाली, “चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. कडेकडेनं धूसर दिसतं.” रस्ता पावसानं वाहून गेला आहे, बस बंद, तेव्हा बोटीनंच न्यावं लागेल.

दहाला माझ्याकडे मोठी टोळी आहे. दोन खेपा. महिन्याभरापूर्वीच हो म्हणून बसलोय. त्यांना नाही म्हटलं तर ते युस्टिसकडे जातील आणि पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच. आयोनाला म्हटलं, “चष्माच तर बदलायचाय. पुढच्या फेरीला जाऊ.” ती म्हणाली, “बरं.” चिठ्ठी घडी घालून बायबलमध्ये ठेवली.

युस्टिसनं नेलं असतं तिला, पण त्याला कोण विचारणार?

१० डिसेंबर, बुधवार

वारा नाही. लगून ताटासारखं सपाट. माणसं बारा, दोन खेपांत. दिसल्या नऊ!

असा दिवस वर्षातून एखादाच येतो. सकाळच्या खेपेत पिल्लू आईच्या पाठीवर नाक घासत होतं. एक म्हातारी अमेरिकन बाई तोंडावर हात धरून रडायला लागली. म्हणाली, ‘मिस्टर ऑस्मंड, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.’ तिच्या नवऱ्यानं माझे फोटो काढले, पत्ता लिहून घेतला, पाठवतो म्हणाला. सगळेच म्हणतात, पाठवत कोणी नाही.

घरी येऊन आयोनाला सगळं सांगितलं. नेहमी ती काम करता करता ऐकते. आज समोर येऊन बसली. म्हणाली, “नाक कसं असतं ते नीट सांग. घाई करू नकोस.” मी सांगितलं. दोन भोकं असतात, त्यांना आतून झाकणं. वर आली की झाकणं उघडतात, फुस्स करून श्वास टाकते, परत घेते, झाकणं बंद. वरचा ओठ जाड, दोन भागांचा, त्यावर झाडूसारखे राठ केस. रंग ओल्या दगडासारखा, त्यावर हिरवट शेवाळ. ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं पेंगतेय. मी थांबलो तर म्हणाली, “पिल्लाचं राहिलं.”

२७ डिसेंबर, शनिवार

काल नाताळानंतरचे ढोल होते. गावभर घरोघर नाच. आयोना दरवर्षी रिंगणात पहिली. तिच्या कमरेपुढे पोरी फिक्या पडतात, हे मी म्हणत नाही, सगळा पॉइंट म्हणतो. या वर्षी बाकावरून उठली नाही. “गुडघा,” म्हणाली. मी काजूची वाइन घेऊन एकटाच नाचलो. युस्टिस ओरडला, “मिस आयोना, तुमचा नवरा बघा, वाळूत आलेल्या खेकड्यासारखा नाचतोय!” ती म्हणाली, “दिसतोय मला. लाल शर्टातला खेकडा.” लोक पोट धरून हसले.

हसता हसता ती मात्र मधेच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मी विचारलं, काय? म्हणाली, “काही नाही. शर्ट छान आहे.”

१८ जानेवारी, रविवार

चौदा ते सतरा वही कोरी. उत्तरेचा गार वारा सुटला होता, पाहुणे कोणी आलं नाही.

या वाऱ्यात मॅनाटी डोहातच बसून राहतात, तळाचं पाणी उबदार असतं म्हणून. आयोनाला हे बापाकडून ठाऊक आहे. चौदाच्या सकाळी ती म्हणाली, “आज बोट रिकामी आहे. आज ने.”

मी म्हटलं, “गारठा आहे. पाणी ढवळलंय. काही दिसणार नाही.”

“समोर आली तर दिसेल मला.”

“आणि नाही आली तर? जन्मभर मला ऐकवशील.”

“ऐकवीन. तुला काय नवीन आहे?” ती हसली. मग माझ्या बाहीला धरून म्हणाली, “ऑझी, ने ना रे.” असं ती कधी म्हणत नाही.

इथं खरं ते लिहितो, दुसरं कोण वाचतंय? चारशे पाहुण्यांना मी बेधडक नेतो. त्यांच्यावर न बघताच परत जायची वेळ आली तर हात हलवून मोकळा होईन. पण आयोनाला नेलं आणि डोह रिकामा निघाला, तर तिच्यासमोर माझी काय पत राहील? मी चार दिवस बोट रंगवली. पांढरी, कडेला निळा पट्टा. छान झाली आहे. तिला दाखवली. तिनं पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि रंग ओला होता तो सगळा हाताला लागला. “दिसत नाही का, ओला आहे!” मी ओरडलो. ती रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत बसली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माणसं पाच. दिसल्या तीन.

मागच्या आठवड्यात आयोनाचा हात शेगडीवर भाजला. नर्स पलासिओनं मलमपट्टी केली आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, “मिस्टर ऑस्मंड, गुरुवारी मी हिला बेलीझ सिटीला मोठ्या डॉक्टरांकडे नेतेय. तुम्हीही बरोबर या.” सुरात जरब होती. मी म्हटलं, तुम्ही आहात तर मला काय काळजी? गुरुवारची पाचजणं ठरलेली होती.

रस्ता आता झालाय, आज चार वाजता दोघी गाडीनं परत आल्या. आयोनाला काळा चष्मा दिला आहे, उन्हासाठी. आणि दोन बाटल्या थेंब. विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? म्हणाली, “म्हातारी झालीस म्हणाला. पैसे घेऊन असं बोलतात.” नर्स माझ्याकडे न बघताच तिच्या गाडीकडे गेली. तिला माझं न जाणं लागलेलं दिसतंय.

म्हणजे विशेष काही नाही. मनावरचं ओझं उतरलं. गेल्या आठवड्यात डॅन्ग्रिगाहून येताना तिच्यासाठी नवी टोपी आणली होती, पिवळ्या फुलांची, ती आज काढून दिली. तिनं फुलं एक एक करून चाचपली. “रंग कुठला?” म्हणाली. काळ्या चष्म्यातून सगळंच काळं दिसत असणार. मी म्हटलं, “तुझ्या लग्नातल्या झग्याचा पिवळा.” खूष झाली.

८ मार्च, रविवार

वारा पूर्वेचा, अगदी मंद. माणसं एक. दिसल्या दोन.

आज नेलं! अखेर नेलं.

काल तिनं विचारलंच नाही, सांगून टाकलं, “उद्या मी बोटीत बसणार आहे. तुझे पाहुणे आले तर त्यांना माझ्या मांडीवर बसव.” सकाळी चर्चचा झगा आणि नवी टोपी घालून निघाली. मी म्हटलं, “चर्चला?” म्हणाली, “देवाला सांगितलंय, आज उशीर होईल.”

धक्क्यावर युस्टिस जाळं दुरुस्त करत होता. ज्याची भीती होती तेच. म्हणाला, “मिस आयोना, बोटीत? तुमचे वडील थडग्यातून उठून येतील हां.”

“येऊ दे,” ती म्हणाली. “किती वर्षांत भेट नाही. आणि तू आहेस ना वाट दाखवायला, तुझ्याकडे कुठं गिऱ्हाईक आहे?”

युस्टिस हसला. मग उठून तिचा दुसरा हात धरला. तिला बोटीत बसवेपर्यंत सोडला नाही. या माणसाला मी उगीच घाबरत होतो. आयोना धक्क्यावरून येताना पोरीसारखी पावलं मोजत होती, ओठ हलत होते. किती दिवसांनी इतकी आनंदात बघितली.

लाल खांबाशी इंजिन बंद केलं. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. काठीनं डोहापर्यंत आलो. मी म्हटलं, “आता मनात आकडे मोज.” तर मलाच म्हणाली, “शू.” मी दोनशे मोजले, अडीचशे, तीनशे. काही नाही.  मनात म्हटलं, आजच? सगळ्या जगात आजच?

तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “उजवीकडे.”

मी डावीकडे बघत होतो. वळलो तर नाक! काठीभर अंतरावर. मी या कामात मुरलेला आणि तिनं माझ्याआधी टिपलं.

“दोन आहेत,” ती म्हणाली. “एक लहान.”

“एकच आहे.”

“दोन. लहानाची घाई चाललीय.”

आणि आईच्या मागून पिल्लाचं नाक वर आलं, बशीएवढं. नजर म्हणावी ती काय! डॉक्टरचे थेंब चांगले लागू पडलेत.

आयोनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दोन्ही हात मांडीवर, टोपी सरळ, चर्चमध्ये बसते तशी. मी विचारलं, “कशी आहे?” म्हणाली, “तू सांगितली होतीस अगदी तशी. ओल्या दगडासारखी.” मग पाण्याकडे तोंड करून, “माफ कर गं बाई, तुझी आजी आम्ही खाल्ली.” मला हसू आलं. ती हसली नाही.

दोन्ही आधी आयोनानं पाहिल्या. पक्क्या वहीत लिहिता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

१५ मार्च, रविवार

माणसं चार. दिसल्या दोन.

धक्क्यावर सगळ्यांना सांगतोय. काय नजर आहे म्हटलं, माझ्याआधी बघितली! युस्टिसनं जाळं खाली ठेवलं. विचारलं, “मिस आयोनानं बघितली?”

“माझ्याआधी.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “देव तुझं भलं करो, ऑस्मंड,” आणि उठून गेला. पॉइंटवरची पहिली बाई डोहावर नेली याचा मान मला मिळाला, ते त्याला झोंबलेलं दिसतंय.

२७ मार्च, शुक्रवार

माणसं तीन. दिसल्या एक.

डिसेंबरातल्या त्या अमेरिकन नवऱ्यानं खरंच फोटो पाठवला. लिफाफा घेऊन आलो तेव्हा आयोना व्हरांड्यात मटार सोलत होती. मी फोटो तिच्या हातात दिला. म्हटलं, “बघ, कोण आलंय!”

तिनं हात पुसले. फोटो तोंडासमोर धरला. म्हणाली, “अरे वा. काय गोड तोंड आहे.”

मी म्हटलं, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस.”

ती हसली. “नाक बघ, अगदी तू सांगतोस तसं. आणि वरच्या ओठावरचे केस.”

मी मोठ्यांदा हसलो. माझी मिशी आहेच राठ. बाई टोमणा मारायची संधी सोडत नाही. मी पुढच्या टोमण्याची वाट बघत होतो.

“पिल्लू कुठाय?” ती म्हणाली. “पिल्लू नाही आलं फोटोत?”

फोटो माझा होता. हातात काठी घेऊन मी बोटीत उभा होतो.

मी रिकाम्या लिफाफ्याची घडी घालत राहिलो.  काहीतरी चुकलं हे तिला कळलं. फोटो तिनं हळूच मांडीवर ठेवला आणि मटाराची शेंग शोधायला टोपलीत हात घातला.

“कोणाचा आहे?” तिनं विचारलं.

“माझा.”

“अच्छा,” ती म्हणाली. “मग केसांचं तरी बरोबर होतं.”

२८ मार्च, शनिवार

पाहुण्यांना युस्टिसकडे पाठवलं. घरी बसलो.

तिनं सगळं सांगितलं, शेंगा सोलत सोलत, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं. डोळ्यात दाब वाढतो, एक रोग आहे. आधी कडा जातात. दिवाळखोराच्या घरातलं एक एक सामान उचलावं तसं, असं डॉक्टर म्हणाला होता म्हणे. नोव्हेंबरात कडा गेल्या होत्या. नाताळात समोरचं तेवढं उरलं होतं, खिडकीएवढं. “तुझा शर्ट दिसला होता. तो शेवटचा नीट दिसलेला रंग.” जानेवारीत खिडकी लहान झाली. आता उजेड कळतो, अंधार कळतो, मधलं काही नाही.

मी विचारलं, “जानेवारीत नेली असती तर?”

“समोर आली असती तर दिसली असती. म्हटलं होतं ना तुला.”

“आणि डॅन्ग्रिगाला?”

तिनं आणखी एक शेंग सोलली. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, “दोन महिने आधी आली असतीस तर समोरचं राखता आलं असतं, डॉक्टर म्हणाला. थेंब तेच. पण राखायला काही असावं लागतं ना रे.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं? गेलेलं परत येत नव्हतं. तू बोट बंद करून माझ्यासमोर तोंड पाडून बसला असतास, आत्ता बसलायस तसा.”

“तुला कसं कळलं मी कसा बसलोय?”

“चौतीस वर्षं झाली, ऑझी. त्याला डोळे कशाला लागतात?”

सगळ्या गावाला ठाऊक होतं. युस्टिसला, नर्सला, चर्चमधल्या बायकांना. लिनेटला फोनवर ठाऊक होतं, शिकागोत. मी तिच्या शेजारी झोपत होतो आणि तिला म्हणत होतो, दिसत नाही का तुला.

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

माणसं एक. दिसल्या

ती परत म्हणाली म्हणून नेलं. डोहावर मीही डोळे मिटून बसलो. पंधरा मिनिटं तरी. मला नुसतं बोटीला लागणारं पाणी ऐकू येत होतं. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि मॅनाटी श्वासाला वर आली की बोटानं दाबत होती. एकदा. मग परत. मग लगेच दोनदा, मग आणखी एकदा. पाच वेळा दाबलं तिनं. मला एकही ऐकू आली नाही. शेवटी डोळे उघडले तेव्हा पाण्यावर गोल तरंग तेवढे होते.

“किती लिहिणार?” तिनं विचारलं.

“पाच.”

“बघितल्यास का?”

“नाही.”

“मग खोटं लिहू नकोस,” ती म्हणाली. रकाना तसाच सोडला आहे.

मी तिला म्हटलं की मला माफ कर. तिनं बन काढून अर्धा माझ्या हातात दिला. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. “काठी उचल,” म्हणाली, “ऊन चढतंय.” ऊन तिला अंगावरून कळतं.

३० एप्रिल, गुरुवार

उद्या बाई वह्या न्यायला येणार. दिवसभर बसून कच्च्यावरून पक्की लिहिली. आयोना शेजारी होती. मी तारीख वाचायचो, ती म्हणायची, पुढे.

नोव्हेंबर झाला, डिसेंबर झाला. दहा तारखेला नऊ लिहिल्या. हात थांबला होता, पण नऊ होत्या, नऊच लिहिल्या. जानेवारीला आलो. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. चार ओळी कोऱ्या. पाहुणे नसले की कोऱ्याच सोडायच्या असं बाईंनी सांगितलं होतं.

“काय झालं?” आयोनानं विचारलं. “पेन थांबलं.”

“काही नाही. जुना वारा आठवला.”

“लिही मग,” ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. भिंतीला हात लावत, चार पावलं, मग डावीकडे.

चौदा जानेवारी. वारा उत्तरेचा. माणसं शून्य. दिसल्या शून्य. शेवटचा रकाना हंगामभर मी एकदाही भरलेला नव्हता. तिथं लिहिलं, ‘नेलं नाही.’ मग खाली पंधराला तेच लिहिलं, सोळाला तेच, आणि सतराला.